पावसाच्या पाण्यावर वसलेलं मांडू

इंदूरकर मांडूला जातात ते श्रावणात. मीही याच दिवसांत गंगवाल बसस्थानकावरून धारची बस धरली. बेटमा, घाटाबिल्लोद मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना ओली काळी माती आणि सोयाबीनची शेतं लागली. धारला गाडी बदलली. तिथून मांडू पस्तीसेक किलोमीटर.

गाव जवळ आलं की काकडा खोहची खोल दरी आडवी येते. तिच्या पलीकडचं मांडूचं पठार विंध्याच्या रांगेपासून तुटून वेगळं उभं आहे, समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून उंच. आलमगीर दरवाजातून गाडी आत शिरली आणि रस्त्याकडेला फुगीर बुंध्यांची गोरखचिंचेची झाडं दिसू लागली. मूळचं आफ्रिकेचं हे झाड इथे इतकं रुजलंय की बाजारात त्याची फळं 'मांडू की इमली' म्हणूनच विकतात.

पठारावर बारमाही नदी नाही, तरी इथे सुलतानांची राजधानी होती. दिलावरखान घोरीने १४०१ मध्ये दिल्लीची सत्ता झुगारली आणि त्याचा मुलगा होशंगशाह याने राजधानी धारहून इथे हलवली. एवढ्या वस्तीला, फौजेला, हत्तीघोड्यांना पाणी पुरवायचं ते फक्त चार महिन्यांच्या पावसावर. म्हणून मी मांडू पाण्याच्या मागे मागे पाहायचं ठरवलं.

मुक्काम सागर तलावाच्या काठी होता. तिथून थोडं चाललं की १४३२ ची मलिक मुघीसची मशीद लागते. जुन्या देवळांचे खांब वापरून बांधलेली ही वास्तू मला मांडूच्या पहिल्या दिवसांची साक्ष वाटली. त्यानंतरच्या पिढीची ऐट पाहायची ती होशंगशाहच्या संगमरवरी मकबऱ्यात. शहाजहानच्या पदरचे वास्तुविशारद १६५९ मध्ये इथे आले होते. दाराशी कोरलेल्या लेखात त्यांच्यापैकी उस्ताद हामिदचं नाव आहे. ताजमहाल ज्यांनी उभा राहताना पाहिला, त्या पिढीचे जाणकार इथे मानवंदना द्यायला आले, हे वाचून मी त्या घुमटाकडे पुन्हा नीट पाहिलं.

पण मांडूचा जीव आहे तो जहाज महालात. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत शंभर मीटरहून लांब, पंधराएक मीटर रुंद अशी ही दुमजली इमारत. दोन्ही तलाव भरले की ती खरोखर नांगरलेल्या गलबतासारखी दिसते. १४६९ मध्ये गादीवर आलेल्या गियासुद्दीन खिलजीचा काळ हा तिच्या वैभवाचा काळ. समोसे, सरबतं आणि अत्तरं यांच्या कृती सांगणारा 'निमतनामा' हा सचित्र ग्रंथ त्याच्याच दरबारातला. तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

गच्चीवर चढले तेव्हा सर नुकतीच थांबली होती. दगडात कोरलेल्या वळणावळणाच्या उथळ पन्हळीतून पाणी हौदाकडे निघालं होतं. प्रत्येक वळणावर त्याचा वेग मोडतो आणि गाळ मागे राहतो. नक्षी म्हणून डोळ्यांना सुखावणारी ती वळणं पाणी निवळायचंही काम करत होती. जवळच्या चंपा बावडीत उतरले तर विहिरीच्या पाण्याच्या पातळीशी जोडलेली तळघरं दिसली. उन्हाळ्यात वारा पाण्यावरून या खोल्यांत यावा, अशी ती योजना. माळव्याचा मे महिना ज्याने सोसलाय त्याला तिची किंमत वेगळी सांगायला नको.

दुपारनंतर दक्षिण टोकाला रेवा कुंडावर गेले. कुंडातून पाणी उचलून शेजारच्या महालात नेणाऱ्या बांधकामाचे अवशेष तिथे अजून आहेत. हा महाल बाजबहादूरच्या नावाने ओळखला जातो, पण दारावरच्या फारसी लेखाप्रमाणे तो नासिरुद्दीन खिलजीने १५०८-०९ च्या सुमारास बांधला. बाजबहादूर हा माळव्याचा शेवटचा सुलतान. १५६१ मध्ये अकबराची फौज आली, तो पळाला आणि त्याची लाडकी राणी रूपमती हिने विष घेतलं, असं लोककथा सांगते.

रूपमतीचा मंडप कड्याच्या अगदी टोकाशी आहे. मुळात ही फौजेची टेहळणीची चौकी. रूपमती इथून रोज नर्मदेचं दर्शन घ्यायची, असं इथली माणसं सांगतात. ढग फाटले आणि खाली निमाडच्या मैदानात ती रेघ मलाही दिसली.

त्याच नर्मदेचं पाणी आज जलूदहून सत्तरेक किलोमीटर पंपांनी चढवून आम्ही इंदूरकर पितो. मांडूच्या लोकांना नर्मदा डोळ्यांसमोर असूनही हाताशी नव्हती, म्हणून त्यांनी गच्ची, अंगण, उतार अशा प्रत्येक जागी पडणारं पाणी आपलं मानलं. मांडूला जरूर जा, पण भर पावसात जा आणि नुसत्या कमानींचे फोटो काढून परतू नका. पन्हळी कुठून निघतात, कुठे पोचतात, ते चालत पाहा. इथल्या भिंतींची डागडुजी होते तेवढ्याच निगुतीने हे तलाव गाळमुक्त राहायला हवेत, कारण पाणी आटलं तर जहाज महाल ही एक लांबलचक इमारत तेवढी उरेल.