माशाचं नांदणं

जावई बँकेत आहे म्हटलं की सासुरवाडीचे लोक त्याला काहीही विचारतात. त्यातून मी बी.कॉम. तेव्हा व्याजदरापासून भेंडीवरच्या किडीपर्यंत मला सगळं कळतं, असा आप्पांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, समज. पालघरजवळ त्यांची वाडी आहे. वाडीत झऱ्याचं एक तळं. तळं कसलं, आमची बोईसरची बँक त्यात जेमतेम बुडेल! ('बँक' आणि 'बुडेल' एका वाक्यात आल्याबद्दल साहेबांनी क्षमा करावी.)

मे महिन्यातल्या एका रविवारी आप्पांनी विचारलं, "जावईबापू, यात स्मॉलमाउथ बास नांदेल का?"

मला वाटलं, कुणासाठी स्थळ आलंय. पण तो अमेरिकेतला मासा निघाला. मेव्हणा तिकडे असतो. त्यानं फोनवर कौतुक केलं होतं. गार, नितळ पाणी आणि तळाला गोटे, की स्वारी खूश.

"आपलंही पाणी झऱ्याचंच की!" आप्पा म्हणाले.

कारकुनाच्या सवयीनं मी स्थळाची चौकशी केली. पाणी १५ ते १८ अंशांवर आलं की यांची वीण. नर खळगा करून अंडी-पिल्लं राखत बसतो. बाप म्हणून उत्तम! पण आमच्याकडे वैशाखात तळ्यात हात घातला तर चहापत्ती टाकावीशी वाटते. शिवाय पक्का शिकारी. पावसात तळं ओढ्याला मिळालं की गावच्या माशांचं काय? दक्षिण आफ्रिकेत गळाच्या हौसेपायी त्याला नेला, तर तिथले मूळचे मासेच त्यानं फस्त केले. शेवटी २०१२ साली राँडेगॅट नदीत औषध घालून त्याला संपवावं लागलं.

"मग रोहू-कटला?"

"वाढतील, पण साचल्या पाण्यात वीण नाही. पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ साली ओरिसात अंगुलला इंजेक्शन देऊन त्यांची वीण करवली, तेव्हा कुठे हुकमी बीज मिळू लागलं. दरवर्षी बोटुकली विकत आणायची. रिकरिंगच म्हणा!"

आप्पा हसले नाहीत. "तो म्हणाला होता, बास सोडलात तर येऊन गळ टाकीन."

माझी सगळी चौकशी तिथेच संपली.

मृगाच्या पावसात वलगण लागली. ओढ्यातले मासे धारेविरुद्ध चढत शेतात आले. आप्पांनी लगेच फोन लावला. "अरे, हे मासे पुरात उलटे पोहून घरी येतात. तुला तर विमान आहे!"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आवाज आला, "आप्पा, आपलं जुनं जाळं आहे का हो अजून?"

ते शोधायला माळ्यावर अर्थातच बँकवाला जावई चढला.