तिथी पाठ, साल कुणालाच ठाऊक नाही



माझ्या माहेरी आजोबांची तिथी लहान मुलांनासुद्धा पाठ आहे. भाद्रपद शुद्ध दशमी, सुगंध दशमी. पर्वाचे दिवस होते, बस्तीत पूजा चालू होती आणि इकडे घरात ते गेले. पण साल कोणतं, हे विचारलं की प्रत्येकाचं उत्तर वेगळं. थोरल्या काकू म्हणतात, "मी या घरात आले त्याच्या दुसऱ्या वर्षी." आत्या म्हणते, "मी दुसरीत होते." कोणी म्हणतं संयुक्त महाराष्ट्राच्या सभा चालल्या होत्या तेव्हा. आपल्याकडे तिथी जपतात, कारण त्या दिवशी पूजा आणि दान असतं. सालाचं काम कधी पडतच नाही.

आमच्याकडे ते पडलं. दोन वर्षांपूर्वी जमिनीची वाटणी काढायचं ठरलं, तेव्हा मोठ्या चुलतभावाने आत्याचं नाव घ्यायचं कारणच नाही असं सांगितलं. त्याचं म्हणणं, आजोबा ५५ साली वारले आणि तेव्हा मुलींना वाटा नव्हताच. "शिवाय लग्नात दिलंय की," हेही होतंच. हे वाक्य प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतंच.

आता यात ५५ की ५६ याला एवढं महत्त्व का, ते सांगते. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी लागू झाला. नावात हिंदू असलं तरी त्यात जैन, बौद्ध, शीख स्पष्ट लिहिलेले आहेत. वडील त्या तारखेनंतर मृत्युपत्र न करता वारले असतील, तर मुलगी मुलांबरोबरीने पहिल्या वर्गातली वारस. आधी वारले असतील आणि मुलगे असतील, तर मुलीला काही नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये १९५६ पूर्वी वारलेल्या वडिलांच्या मिळकतीबाबत मुलीच्या विरुद्धच निकाल दिला. सुगंध दशमी येते ऑगस्ट-सप्टेंबरात. म्हणजे आजोबा ५५च्या दशमीला गेले असतील तर आत्या रिकामी, ५६च्या दशमीला गेले असतील तर वारस. सगळं एका सालावर अडलेलं. (आत्याला वाटा मिळाला तर माझ्या सख्ख्या भावाचाही कमी होणार, हे सांगून टाकते. आईने त्याला बसवून समजावलं आणि तो तयार झाला.)

मग मी आणि आत्या निघालो. ती शहात्तर वर्षांची, गुडघे दुखतात, पण घरी थांबायला तयार नाही.

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. मृत्यूची नोंद माणूस जिथे वारला तिथे होते, जिथला रहिवासी होता तिथे नाही. सांगलीच्या दवाखान्यात वारलेल्या माणसाची नोंद त्याच्या गावात शोधून सापडणार नाही. आजोबा गावातच, घरातच वारले होते, म्हणून ग्रामपंचायतीपासून सुरुवात केली. ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, हेच निबंधक असतात. पण जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९चा, तो १९७० पासून अमलात आला, आणि आमच्या पंचायतीतली रजिस्टरं त्याच्या पुढचीच होती. "आमच्याकडे नाही" असं तोंडी उत्तर मिळालं. असं तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. शोध घेऊनही नोंद सापडली नाही, याचा दाखला मिळतो. त्याला अनुपलब्धता प्रमाणपत्र म्हणतात, नमुना १०. तो कागद पुढच्या दारात उपयोगी पडतो.

पुढचं दार तहसील कार्यालयाचं. पूर्वी गावातले जन्म-मृत्यू कोतवाल लिहून ठेवत. ते कोतवाल बुक आणि गाव नमुना १४ या नावाने तहसीलच्या अभिलेख कक्षात सापडतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा याच वह्यांवरची धूळ झटकली गेली. त्याचा फायदा सगळ्यांनाच झाला असं म्हणायला हरकत नाही.

तिथल्या खिडकीवर विचारलं, तारीख सांगा. नाही माहीत. मग साल सांगा. तेच तर शोधायला आलोय! दोन खेपा यातच गेल्या. शेवटी मी नकलेच्या अर्जात तारीख लिहिलीच नाही. गावाचं नाव लिहून "१९५४ ते १९५८ या पाच वर्षांच्या मृत्यूच्या नोंदी पाहून नक्कल मिळावी" असं लिहिलं, कोर्ट फी स्टँप लावला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. अंदाज बांधून एकच साल लिहू नका. त्या सालात नाही म्हटलं की अर्ज निकाली निघतो.

तिसऱ्या खेपेला वही समोर आली. लांबट, कडा कुरतडलेली, आधीची काही पानं मोडीत, पुढची बाळबोध. रकाने साधे: नाव, जात, वय, कशाने वारला. आडनाव बहुतेकांना नाहीच. जातीच्या रकान्यात "जैन" दिसलं की आम्ही थांबायचो. इथे एक अडचण येते, ती आधीच ओळखून जा. घरात ज्या नावाने हाक मारायचे ते नाव वहीत नसतं. आजोबांना सगळे दादा म्हणत. त्यांचं खरं नाव आम्ही जुन्या सातबाऱ्यावरून काढून नेलं होतं, म्हणून सापडले. सप्टेंबर १९५६. वय ४०, कारण ताप.

आत्या काही बोलली नाही. त्या ओळीखालून बोट फिरवत राहिली. त्याच पानावर वर एक "मुलगी, सहा महिने" होती, नावाशिवाय.

मग ती म्हणाली, आता माझ्या आईचंही बघ. आजी आजोबांच्या आधी गेली, आत्या तेव्हा रांगत होती. आईच्या नोंदीवर जमिनीचं काही अवलंबून नव्हतं. पण मागच्या सालांसाठी दुसरा अर्ज केला, आणि आठवड्याने ती नोंदही निघाली. जुन्या नोंदींत बाईचं नाव शोधायचं तर "भ्र." बघा. भ्र. म्हणजे भ्रतार, आणि पुढे नवऱ्याचं नाव. आजी अशीच सापडली, आजोबांच्या नावाला चिकटून. कारणाच्या रकान्यात "बाळंतपण". घरात आजवर सगळे "आजारी होती" एवढंच सांगायचे. आत्याच्या पाठीवर आणखी एक मूल होतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आता आत्याकडे आईची तारीख आहे, तिथी नाही. बस्तीतले उपाध्ये जुनं पंचांग पाहून तिथी काढून देणार आहेत.

कोतवाल बुकात काही सापडलं नाही तर हात टेकू नका. वारस नोंदीचा फेरफार काढा, गाव नमुना ६. वारसांची वेगळी नोंदवही असते, ६-क. त्यात अमुक इसम अमुक तारखेला मयत, असं बहुधा लिहिलेलं असतं. आमच्या फेरफारात थोरल्या काकांचं नाव "ए.कु.मॅ." म्हणून लागलेलं होतं, एकत्र कुटुंबाचे मॅनेजर. आत्याचं नाव कुठेच नव्हतं, इतर हक्कांच्या रकान्यातही नाही. आता नक्कल जोडून तिने अर्ज दिला आहे. नोटीस निघाल्यावर हरकतीला पंधरा दिवस असतात. चुलतभावाने हरकत घेतली तर प्रकरण तक्रारी नोंदीत जाईल आणि वकील गाठावा लागेल. अजून तरी त्याने घेतलेली नाही.

हे जुन्या नोंदींचं झालं. पण आपल्या हातून आज ज्या नोंदी होतात, त्याही पन्नास वर्षांनी कोणीतरी शोधणार आहे. म्हणून थोडं आजचं.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती फुकट होते. सुतकाचे दिवस, येणंजाणं यात हे दिवस कधी संपतात कळत नाही. घरातल्या एखाद्या सुनेने किंवा जावयाने हे काम पहिल्याच आठवड्यात अंगावर घ्यावं. दवाखान्यात मृत्यू झाला तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची, घरी झाला तर घरच्यांची. आपल्याकडे पुष्कळ म्हातारी माणसं शेवटी दवाखाना नको म्हणतात. घरी, णमोकार ऐकत जाऊ द्या म्हणतात. त्यांचं ऐकावं. पण शेवटच्या आजारात नेहमीचे डॉक्टर अधूनमधून घरी येऊन बघून जातील असं पाहा, कारण मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, नमुना ४-अ, तपासणाऱ्या डॉक्टरांनीच द्यायचं असतं. कधीच न पाहिलेला डॉक्टर रात्री दोन वाजता सही करायला कचरतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

वर्ष उलटून गेलं आणि नोंदच केली नसेल, तर आदेश आणावा लागतो. पूर्वी त्यासाठी कोर्टात जावं लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून हा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आहे.

दाखल्यावर मृत्यूचं कारण छापत नाहीत, कायद्यातच तशी मनाई आहे. विमावाल्यांनी कारण मागितलं तर डॉक्टरांचा कागद वेगळा द्यावा लागतो, त्याची झेरॉक्स आधीच काढून ठेवा. आणि नोंद लिहून घेताना नाव आधार कार्डावरून घाला, विशेषतः बायकांचं. माहेरचं नाव, सासरचं नाव, आधारवर तिसरं, बँकेत चौथं असं आपल्या सासवांचं सर्रास असतं. दाखला हातात येताच तिथेच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा. दुरुस्ती करून मिळते, पण त्यासाठी पुन्हा अर्ज, पुरावे आणि खेपा. पहिली प्रत फुकट मिळते. बाकीच्या आठ-दहा प्रती त्याच वेळी पैसे भरून घ्या, बँक, विमा, पेन्शन, तलाठी सगळे एकेक ठेवून घेतात.