दिसतं ते सिद्ध कशाला करायचं?

चि. मुक्ता,

पत्र पोचलं. बारावीला डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन तुझ्या हातचा मळ होता आणि आता रिअल ॲनालिसिसमध्ये पानोपानी अडतेस. ‘आलेखात जे ढळढळीत दिसतं, ते सिद्ध कशाला करायचं?’ असं तू विचारलंयस. प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

इंटरमीडिएट व्हॅल्यू थिअरम घे. संतत फलन एका टोकाला ऋण आणि दुसऱ्या टोकाला धन असेल, तर मध्ये कुठेतरी ते शून्य होतंच. क्ष² − २ हे फलन १ पाशी −१ आणि २ पाशी २ आहे. आता फक्त परिमेय संख्या ठेव, बाकीच्या काढून टाक. फलन अजूनही संततच आहे, पण शून्य कुठेच होत नाही. कारण २ चं वर्गमूळ परिमेय नाही. आलेखात तर काहीच फरक दिसणार नाही, इतक्या परिमेय संख्या दाट आहेत. म्हणजे या प्रमेयाचा सगळा भार वास्तव संख्यांच्या पूर्णतेवर, त्यांच्यात कुठेच फट नसण्यावर आहे, आणि ते फक्त सिद्धतेतच कळतं.

डेडेकिंड या गणितज्ञालाही हे वर्गात शिकवतानाच खटकलं. १८५८ साली झुरिकला कॅल्क्युलस शिकवताना, वाढत जाणाऱ्या पण मर्यादेत राहणाऱ्या राशीला लिमिट असतं, हे सांगायला त्याला भूमितीचा आधार घ्यावा लागत होता. त्यातूनच त्याने वास्तव संख्यांची व्याख्या घडवली आणि १८७२ मध्ये ती छापली.

आता तुझी दुसरी अडचण. क्ष² हे २ पाशी संतत आहे, हे दाखवताना पुस्तक एकदम म्हणतं : १ आणि एप्सिलॉन भागिले ५ यांतली लहान संख्या म्हणजे डेल्टा. हे ५ आले कुठून? लेखकाने कच्चं काम उलट्या दिशेने केलं आणि ते छापलं नाही. क्ष² − ४ चे अवयव (क्ष − २) आणि (क्ष + २). क्ष हा २ पासून १ पेक्षा कमी अंतरावर ठेवला की क्ष + २ हे ५ पेक्षा कमीच राहतं. झालं! प्रत्येक सिद्धतेमागचं असं कच्चं काम स्वतः करून बघ. पाठांतराने पेपर निघेल, पण विषय हाती लागणार नाही.

आणि प्रमेय वाचलंस की त्यातली एकेक अट काढून बघ, सिद्धतेची कोणती ओळ कोसळते ते. सुरुवातीला पूर्णतेचीच अट काढणारं एक गणित देते : १ ते २ मधल्या फक्त परिमेय संख्यांवर, दोन्ही टोकं धरून, संतत असलेलं पण कुठल्याच मर्यादेत न राहणारं फलन शोध. वरच्याच उदाहरणातून ते निघतं. उत्तर सिद्धतेसकट पाठव.

तुझी,
मावशी