मुधोळ, मेव्हणे आणि एक शिंक

‘आखूड केसांचा कुत्रा घ्या, अ‍ॅलर्जीचा प्रश्नच मिटला!’ सोसायटीच्या लिफ्टमध्ये मिळालेल्या या फुकट सल्ल्यावर विसंबून एका शनिवारी पहाटे आम्ही पुण्याहून निघालो. ताई, जिजाजी, नऊ वर्षांचा भाचा आणि मी. भाच्याच्या खिशात इन्हेलर आणि डोक्यात एकच विषय, मुधोळ हाउंड!

आधीची गोष्ट सांगायलाच हवी. दोन वर्षांपूर्वी ताईकडे लॅब्रेडोरचं पिल्लू आलं, टिपू. सोफ्यावर केस, पोळीच्या डब्यात केस आणि जिजाजींच्या ऑफिसच्या काळ्या पॅण्टचं तर विचारूच नका. तेवढं चालून गेलं असतं. पण भाच्याला रात्री धाप लागायला लागली. तिसऱ्या आठवड्यात टिपू सासवडजवळ एका मित्राच्या शेतावर गेला. ‘माझ्यामुळे गेला ना तो?’ हा प्रश्न भाचा त्यानंतर कितीतरी दिवस विचारत होता.

कोल्हापूर मागे टाकून निपाणीला हायवे सोडला, की रस्ता चिकोडी, महालिंगपूर करत मुधोळला पोचतो. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. पाट्या कन्नड होतात, पण चहाच्या टपरीवर मराठी बिनधास्त चालते. घटप्रभेच्या काठचं हे गाव आज कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात असलं, तरी एकेकाळी ते घोरपड्यांचं संस्थान होतं. इथल्या मालोजीराजांनी या जातीला राजाश्रय दिला आणि एक जोडी थेट इंग्लंडच्या राजाला, पंचम जॉर्जला भेट दिली. आपल्याकडे गावोगावी ज्याला ‘कारवानी’ म्हणतात, तोच हा गडी. २००५ मध्ये तो टपाल तिकिटावरही झळकला.

आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्या काकांच्या शेतातल्या घरी पाच-सहा कुत्री होती. लांबोडकं तोंड, खपाटीला गेलेलं पोट, नजर कुठेतरी बांधावर. लॅब्रेडोरसारखं येता-जाता गळ्यात पडणं यांच्या स्वभावात नाही. जिजाजींनी एकाच्या पाठीवर हात फिरवला आणि तळवा सगळ्यांना दाखवला. जेमतेम दोन केस! ‘बघा, लॅबला आत दाट लोकरीसारखा दुसरा थर असतो, याला नाही. काम झालं!’

काम झालं नव्हतं. येण्याआधी मी थोडा होमवर्क केला होता. त्रास देणारी चीज म्हणजे केस नव्हेतच. कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि लघवीत काही प्रोटीन्स असतात, खरी भानगड त्यांची. केस त्यांना फक्त घरभर फिरवतात. केस कमी म्हणजे झाडू कमी, अ‍ॅलर्जी कमी असं नाही. पूडलसारख्या ‘अ‍ॅलर्जी-फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींची २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये तपासणी झाली, तेव्हा ‘कॅन एफ १’ हे मुख्य प्रोटीन त्यांच्या अंगावर इतर कुत्र्यांपेक्षा उलट जास्तच सापडलं. २००९ मध्ये ओबामांनी मुलीच्या अ‍ॅलर्जीपायी ‘बो’ हा पोर्तुगीज वॉटर डॉग निवडला आणि जगभर या जातींची क्रेझ वाढली. पण शंभर टक्के बिनअ‍ॅलर्जीचा कुत्रा कुठल्याच जातीत नाही.

पहिली पंधरा मिनिटं सगळं मस्त चाललं होतं. मग एका नर कुत्र्याने भाच्याचं मनगट चाटलं. तो खुदकन हसला. थोड्या वेळाने मी पाहिलं, तर त्याने तो हात पाठीमागे लपवला होता. शिंक आली तीही दाबली. मी हात पुढे घ्यायला लावला. मनगटावर लाल गांध्या उठल्या होत्या. ‘मावशी, आईला सांगू नको ना, प्लीज.’

ताईने पाहिलंच. काकांनी बादलीतल्या पाण्याने त्याचा हात साबण लावून धुतला. गांधी हळूहळू बसली, श्वास ठीक होता. जिजाजी तरीही म्हणाले, ‘इतकं काही नाही, आज घेऊनच जाऊ.’

काका शांतपणे म्हणाले, ‘आज देणार न्हाई. कुत्रं म्हंजे पायताण न्हवं, बसलं न्हाई तर बदलायला. आधी डॉक्टरला दाखवा. मग पोराला घिऊन अजून दोनदा या.’ वर विचारलं, ‘पळवणार कुठं ह्याला? फ्लॅटात?’ यावर आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

परतताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. निपाणी आल्यावर मी भाच्याला लाळेची, प्रोटीनची सगळी गोष्ट सांगितली. तो विचार करून म्हणाला, ‘म्हणजे टिपूची चूक नव्हती. आणि माझीपण नव्हती?’ ‘कुणाचीच नव्हती रे.’ ‘मग त्याला भेटायला जाऊ या? बाहेर, शेतातच. मी हात धुवीन.’

डॉक्टरांची परवानगी मिळाली, तर पहिला रविवार सासवडचा. मुधोळचं त्यानंतर बघू.

कुत्रा आणण्याआधी

- जात नाही, ‘तो’ कुत्रा निवडा. एकाच जातीतल्या दोन कुत्र्यांत फरक असतो. डॉक्टरांना विचारून त्याच कुत्र्याबरोबर दोन-तीनदा वेळ घालवा.
- नेमक्या कुठल्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी आहे, हे रक्ततपासणीत कळू शकतं. काहींना फक्त नर कुत्र्याच्या प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या ‘कॅन एफ ५’चा त्रास होतो. अशांना मादी चालू शकते.
- बेडरूममध्ये नो एण्ट्री. आंघोळीचा फायदा दोन-चार दिवसच टिकतो.
- पूडल, शित्झूचे केस कमी गळतात, पण वाढत राहतात. ग्रूमिंगचा खर्च धरा.
- दमा असेल, तर शेवटचा शब्द डॉक्टरांचा. लिफ्टमधल्या शेजाऱ्यांचा नाही!