लाल शाई

घटप्रभा स्टेशनवर उतरून धुपदाळला पोहोचेपर्यंत आठ वाजले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घटप्रभेवर हा बंधारा घातला तो कालव्यासाठी. मागे साचलेल्या पाण्यावर पाखरे उतरू लागली आणि १९७४ मध्ये त्याचे अभयारण्य झाले. डिसेंबर २०२३ मध्ये नववीची चाळीस मुले घेऊन मी तिथे गेलो होतो. मी मराठीचा एम. ए.; पाखरांशी माझी ओळख पुस्तकातली. पण मुख्याध्यापकाला हे कबूल करायची सोय नसते.

लव्हाळ्यापलीकडे भुवई बदकांचा थवा तरंगत होता. काठावरचा शेतकरी कानडीत 'बातुकोळी' म्हणाला आणि बैल हाकत निघून गेला. मी सांगितले, "नराच्या डोळ्यावरून मानेपर्यंत पांढरी शुभ्र भुवई असते. इथे एकालाही नाही, म्हणजे सगळ्या माद्या."

इतक्यात घार आली आणि थवा उठला. मुले ओरडली. एक मुलगी तेवढी गप्प राहून बघत होती. "सर, तिघाचौघांच्या पंखांवर खांद्यापाशी निळसर राखी रंग होता. बाकीच्यांना नव्हता." तिने वहीत 'नर ४' असे लिहिलेही होते. वही घेऊन मी तिथेच लाल शाईने काट मारली. 'पुस्तक नीट वाचावे', असा शेराही दिला.

पुस्तक मीच नीट वाचले नव्हते. विणीनंतर नराचा पिसारा गळतो. उडण्याची मोठी पिसेही एकदम जातात आणि तीन-चार आठवडे त्याला उडता येत नाही. या काळात लपता यावे म्हणून तो मादीसारखी मळकट तपकिरी पिसे धारण करतो. इंग्रजी पुस्तकांत या अवस्थेला ग्रहणाचाच शब्द आहे. पुढे उडण्याची पिसे परत येतात, पण अंगावरचा मळका वेश उतरायला वेळ लागतो. बऱ्याच बदकांचे ग्रहण हिवाळ्याच्या तोंडाशी सुटते. भुवई बदकाचे मात्र पार फेब्रुवारीपर्यंत रेंगाळते. बदलत नाही तो खांद्यावरचा निळसर रंग, आणि तो दिसतो पंख उघडल्यावरच.

फेब्रुवारीत मी एकटाच पुन्हा गेलो. उन्हे वर आली तशी एकेक भुवई चमकू लागली. तपकिरी छाती, राखी कुशी, पाठीवरून ओघळलेली लांब पिसे. मोजत गेलो तर नर अकरा भरले. मग मोजणे सोडून नुसता बसून राहिलो.

सोमवारी तिला कार्यालयात बोलावले. म्हटले, "तुझे बरोबर होते. माझे चुकले. वही आण, दुरुस्त करून देतो."

तिने वही आणली. सहलीचे पान त्यात नव्हते. शिवणीपाशी कागदाची बारीक दातेरी कड तेवढी उरली होती.

"फाडलेस?"

"घरी वही बघतात, सर," ती म्हणाली.