अमालेकी आणि त्यांची मेंढरं

वर्षभरात बायबल वाचून काढायचा नेम धरलेलं माणूस, उमरेडचं असो की अहमदनगरचं, लेवीयात रेंगाळतं, शास्त्यांमध्ये दचकतं आणि पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात अडतं. शौल राजाला हुकूम सुटतो: अमालेकी जमात निपटून टाक. पुरुष, बायका, तान्ही लेकरं, बैल, मेंढरं, उंट, गाढवं. शौल त्यांच्या राजाला आणि धष्टपुष्ट गुरांना राखतो, आणि संदेष्टा शमुवेल भडकतो. त्याच्या कानाला टोचतं ते मेंढरांचं ओरडणं. लेकरांबद्दल चकार शब्द नाही.

यावरचे तोडगे जुनेच आहेत. दुसऱ्या शतकात मार्सियनने जुना करारच बाद ठरवला. रोमच्या मंडळीने त्यालाच बाहेर काढलं. धर्मपंडित ओरिजेनने या लढाया म्हणजे मनातल्या पापाशी झुंज, असा अर्थ लावला. अलीकडे, १९७१च्या रोमन कॅथलिक प्रार्थनाग्रंथातून ५८, ८३ आणि १०९ ही शापांची स्तोत्रं वगळली गेली. यहोशवाच्या पुस्तकातल्या यरीहोच्या कत्तलीपुरता दिलासा कुदळीने दिला. १९५२ ते १९५८ या काळात पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केनियन यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळातला तट सापडलाच नाही. पण न झालेली कत्तल इतक्या अभिमानाने लिहावीशी का वाटली, हे कुदळ सांगत नाही.

पंडिता रमाबाईंना यातलं काहीच वगळण्याची सोय नव्हती. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, ते छापून आलं. विलापगीताच्या चौथ्या अध्यायात वेढ्यात अडकलेल्या यरुशलेमेतल्या आया पोटची पोरं शिजवतात. ती ओळ मराठीत आणणाऱ्या बाईने आई, बाप आणि बहीण दुष्काळात गमावली होती. १८९६चा दुष्काळ पडला तेव्हा ती मध्य प्रांतात गेली (उमरेड तेव्हा त्याच प्रांतात) आणि उपासमारीने खंगलेल्या मुली सोबत घेऊन आली. केडगावच्या तिच्या मुक्तिसदन आश्रमात छापखान्याचं कामही बायका-मुलीच करत.

विलापगीत गाळायचं म्हणजे त्या आयांचं तोंड दाबायचं. ते वाचलंच पाहिजे. अमालेक्यांचं तसं नाही. तिथे रडणारं कोणी नाही, नुसता हुकूम आहे आणि त्याचा हिशेब. अशा मजकुराशी भांडणंच बरं, आणि भांडायची मुभा त्याच ग्रंथात आहे.

उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम सदोमासाठी देवाशी चक्क घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर गाव वाचवशील ना? बरं, पंचेचाळीस? चाळीस? तीस, वीस, दहा. प्रत्येक वेळी देव कबूल होतो. उमरेडच्या बाजारात मिरचीचा सौदा करणारा वाचक लगेच विचारेल, समोरचा एवढा खाली येत होता, तर हा गडी दहावरच का थांबला?