हिरवं कासव

तर मंडळी, गेल्या शनिवारी मी लॅपटॉपवरची विंडोज ११ पुसून टाकली आणि डेबियन लिनक्स घातलं. कारण? बाबांचं टायपिंग.

बाबा एसटीतून निवृत्त झाले आणि आठवणी लिहायला बसले. त्यांचा हात मराठी टाइपरायटरवर बसलेला. जुना, युनिकोडपूर्व फाँट आणि त्याचं सॉफ्टवेअर फक्त एक्सपीवर नीट चालतं. ("युनिकोड शिका ना" हे सांगून झालंय. विषय बंद.) एक्सपीला २०१४ नंतर सुरक्षेचे नियमित अपडेट नाहीत, म्हणून ती व्हर्च्युअलबॉक्समध्ये, नेटवर्क तोडून ठेवलेली. मी नवा लॅपटॉप घेतला आणि तीच एक्सपी रांगायला लागली. कळ दाबली की अक्षर उमटायला अर्धा सेकंद! बाबा तक्रार करत नाहीत, ते सरळ लिहायचं थांबतात. तीन आठवडे ती खुर्ची रिकामी होती.

एकदा त्यांनीच विचारलं होतं, "अरे, खाली हे हिरवं कासव कशाला?" मी हसण्यावारी नेलं. पण रोगाचं निदान नेमकं तेच होतं. प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअल मशीनसाठी खास सोय असते. विंडोजचा स्वतःचा हायपरवायझर चालू असला की त्या सोयीचा ताबा त्याच्याकडे जातो, आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करून घ्यावं लागतं. म्हणजे मधे एक टेबल वाढलं. ते झालंय हे सांगायला कासव. हायपरवायझर तिथे उगाच नसतो, 'मेमरी इंटिग्रिटी'सारखं संरक्षण त्यावर उभं असतं. ते बंद करून भागलंही असतं कदाचित. पण संरक्षण काढायला जीव होईना, आणि खरं सांगायचं तर मला खाजही होती. लिनक्समध्ये केव्हीएम २००७ पासून थेट कर्नलमध्येच आहे, मधलं टेबल नाही.

शुक्रवारी रात्री व्हर्च्युअल मशीनचा आख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घेतला. शनिवारी दुपारपर्यंत डेबियन बसलं. त्यातली व्हीडीआय फाइल क्यूईएमयू-इमेजने क्यूकाउ२ मध्ये बदलली, सुरू केली... निळा पडदा. ०x७बी. डिस्क व्हर्टआयओ निवडली होती, एक्सपीकडे तिचा ड्रायव्हर कुठून असणार? डिस्क आयडीई केली, एक्सपी उठली. आणि काय पळत होती! मी शीळ घालत बाबांची फाइल उघडली.

४१ पानं.

बाबा ६३ वर होते.

शीळ बंद. विंडोज तर पुसलेली. दहा मिनिटं मी नुसता बसून होतो. बावीस पानं परत टाइप करा, असं त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार?

मग आठवलं. जानेवारीत मीच एक स्नॅपशॉट घेतला होता. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क तिथेच गोठते आणि पुढचं सगळं लिखाण 'स्नॅपशॉट्स' फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलीत जातं. मी बदलली ती मूळ, गोठलेली. हे मला माहीत नव्हतं असं नाही, दुसऱ्यांना समजावूनसुद्धा सांगितलंय!

आख्खा फोल्डर घेतला होता म्हणून वाचलो. डेबियनवर व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, मशीन नुसतं नोंदवलं आणि 'क्लोनमीडियम' कमांडला त्या शेवटच्या फाइलीची प्रत काढायला सांगितलं. ती मुळापासूनचे सगळे थर एकत्र करून एकच सलग डिस्क देते. ती परत क्यूकाउ२ मध्ये. चालू केलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. ६३ पानं होती. शेवटचं पान अर्धवट होतं, एक वाक्य मधेच तुटलेलं. आधी पोटात गोळा आला, मग कळलं की ते बाबांनीच तसं सोडलं होतं.

रविवारी सकाळी चहानंतर बाबा बसले. मी मागे उभा. पहिली ओळ झाली, ते थांबले, परत टाइप केलं.

"कासव गेलं वाटतं," म्हणाले.

रात्रीचं काही बोललो नाही. दुपारपर्यंत साडेतीन पानं झाली. मग आतून हाक आली, "अरे, प्रिंट कुठून काढायची?"

प्रिंटर एक्सपीतून दिसतच नाहीये. येत्या शनिवारी बघतो.